तीन ओळींचं शिफारसपत्र

एका मुलीचं आयुष्य मी तीन ओळींत आटोपलं. चौथी ओळ लिहायला कागदावर जागा होती, वेळ होता, हातही दुखत नव्हता. नव्हती ती अक्कल. ती नंतर आली, पण अक्कल म्हणजे आमच्याकडचं नळाचं पाणी, येतं तेव्हा आपण नेमके बाहेर गेलेले असतो.

हे आता लिहायचं कारण माझी नात. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकते आहे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठल्याशा संस्थेत सहा आठवडे संशोधन करायला जाणार आहे. परवा तिने तिच्या सरांचं शिफारसपत्र मला दाखवलं. पानभर होतं. असामान्य बुद्धी, अथक परिश्रम, नेतृत्वगुण. शेवटी, 'माझ्या इतक्या वर्षांच्या अध्यापनात अशी विद्यार्थिनी क्वचितच लाभली.' जिला गॅसवर दूध ठेवलंय हे ते उतू गेल्यावर कळतं, तिच्याबद्दल हे!

मी विचारलं, "हे सर तुला ओळखतात ना नक्की?"

"आजी, असंच लिहितात गं सगळे. तू कसं लिहायचीस?"

मी कणीक भिजवायची राहिली आहे असं सांगून उठले. कणीक सकाळीच भिजवून झाली होती.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर मी पेठेतल्या एका कॉलेजात शिकवत होते. वय पंचेचाळीसच्या आसपास. खळ घातलेली सुती साडी, तिच्याहून ताठ मान, आणि चष्म्याच्या वरून बघायची सवय. मुलांनी मला एक टोपणनाव दिलं होतं. मला ते माहीत होतं, पण इथे लिहीत नाही. नात वाचेल आणि जन्मभर वापरेल.

माझं एक तत्त्व होतं, कौतुक करायचं नाही. कौतुकाने मुलं बिघडतात अशी माझी पक्की समजूत होती. ही समजूत काही माझ्या डोक्यातली नव्हती, आम्ही वाढलोच तशा. मी एम.एस्सी. झाले तेव्हा आमच्या सरांनी माझ्याबद्दल लिहिलं होतं, 'नियमित आहे.' तेवढ्यावर माझ्या वडिलांनी आळीत पेढे वाटले होते. 'उत्तम' हा शब्द मी सासूबाईंच्या पुरणपोळीसाठी राखून ठेवला होता आणि तोही त्या गेल्यावरच वापरला.

तेव्हा शहरात जिकडे तिकडे संगणकाच्या क्लासच्या पाट्या लागत होत्या. आमच्या विभागातली मागची बाकं ओस पडत होती. कुठेच प्रवेश न मिळालेली मुलं रसायनशास्त्राला यायची आणि वर्गात बसून बुधवार पेठेतून आणलेली संगणकाची पुस्तकं मांडीवर उघडायची. अशा वर्षांत एक मुलगी आपणहून आमच्याकडे आली. धायरीची. धायरी तेव्हा गावच होतं. सकाळची बस पकडून ती स्वारगेटला उतरायची आणि तिथून चालत यायची. दोन वेण्या, चापूनचोपून तेल, चपला धुळीने पांढऱ्या. दीड वर्षात मी तिच्याशी हजेरीपलीकडे एक शब्दही बोलले नव्हते.

मग एके दिवशी प्रयोगाच्या तासाला एक गंमत झाली. गंमत म्हणायची आपली पद्धत.

ब्युरेट म्हणजे उभी काचेची नळी. तिच्यातून थेंबाथेंबाने एक द्रावण खालच्या फ्लास्कमध्ये सोडायचं, फ्लास्कमधला रंग बदलला की तोटी बंद करायची आणि किती सोडलं तो आकडा लिहायचा. खरी गोष्ट अशी की तो आकडा सगळ्या वर्गाला आधीच ठाऊक असायचा. मागच्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलमध्ये तो असायचाच. थेंब सोडायचे ते शोभेला. आम्हा शिक्षकांनाही हे माहीत होतं, आणि आकडा जुळला की आम्ही बरोबरची खूण करून मोकळे व्हायचो. त्या दिवशी वीस-बावीस मुलांचा आकडा जुळला. हिचा दोन मिलिलिटरने चुकला. मी लाल शाईने काट मारली आणि म्हणाले, "पुन्हा कर."

तिने पुन्हा केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मग माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"बाई, माझं चुकत नाहीये. बाटलीतलंच द्रावण पातळ आहे."

"असं? मग बाकीच्यांचं कसं जुळलं?"

तिने एकदा वर्गाकडे पाहिलं. "ते त्यांना विचारा."

मी प्रयोगशाळेतल्या शिपायाला बोलावलं. त्याने आधी आढेवेढे घेतले, मग सांगितलं. द्रावण सगळ्यांना पुरणार नाही असं दिसलं म्हणून त्याने सकाळी बाटलीत पाणी वाढवलं होतं. म्हणजे त्या दिवशी वर्गात एकच आकडा खरा होता आणि त्यावर मी काट मारली होती.

आता मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "पहिल्याच वेळी सांगायचं होतंस. चारदा करून द्रावण वाया घालवलंस."

ती "हो बाई" म्हणून जागेवर गेली.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी नवऱ्याला हा सगळा किस्सा साभिनय सांगितला. तिने कसं पाहिलं, काय म्हणाली, शिपायाचं तोंड कसं झालं. त्यांचा चहा गार झाला. मी म्हणाले, "अहो, अशी मुलगी मी आजवर पाहिली नाही." ते बँकेत होते, रसायनातलं त्यांना इनो सोडून काही कळत नव्हतं. तरी ते म्हणाले, "मग तिला सांगितलंस का?"

"तिला कशाला? डोक्यात वारं जाईल."

पुढच्या वर्षी ती शेवटच्या वर्षाला असताना शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेकडून आमच्याकडे परिपत्रक आलं. शेवटच्या वर्षाच्या निवडक मुलांना उन्हाळ्यात सहा आठवडे तिथे काम करायला मिळणार होतं. खऱ्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली, ज्यांचं उत्तर कुणालाच आधी माहीत नाही असे प्रयोग. अर्जासोबत शिक्षकाचं पत्र हवं होतं. मी ते परिपत्रक तिच्यापुढे धरलं आणि म्हणाले, "अर्ज कर." तिने तो कागद इतक्या हळू वाचला की मला वाटलं पाठ करते आहे.

चारेक दिवसांनी तिचे वडील मला भेटायला कॉलेजात आले. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, बाहेर झाडाखाली नवी कोरी मोटरसायकल. स्टाफरूमच्या दारातच उभे राहिले. मी 'बसा' म्हटलं तरी बसले नाहीत.

"बाई, येवढंच विचारायला आलो. पोरगी हुशार हाय का?"

"बरी आहे."

"बरी? आमच्याकडं तापातनं उठलेल्या माणसाला बरा म्हणत्यात."

मला हसू आलं होतं. ते मी गिळलं. "नियमित येते. काम नीट करते."

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "त्याचं आसं हाय बाई, रस्त्याकडंचं रान आम्ही बिल्डरला दिलं. तवापासनं दारात रोज पाव्हणं. पोरीला बघायला येत्यात म्हणं. पोरीला न्हाई, रानाला. मला काय कळत न्हाई का? ही म्हणती, मला लॅबोरेटरीत घ्येतील, मग पुढं शिकायचं. मी म्हणलं, ठरलं. तिथल्या मोठ्या माणसांनी तुला निवडलं, तर पाहिजे तितकं शीक, तुझा बाप आडवा येणार न्हाई. न्हाई निवडलं, तर चातुर्मासाच्या आत लगीन. माझं काय चुकलं का?"

खरं तर तेव्हा त्यांना खुर्चीत बसवून, चहा पाजून, ब्युरेटची गोष्ट सांगायला हवी होती. त्यासाठीच तो माणूस आला होता. मी म्हणाले, "निवड गुणवत्तेवर होते."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि हसून गेले. त्यांना वाटलं मी होकारच दिला.

त्याच आठवड्यात मी पत्र लिहिलं. इंग्रजीत, ऑफिसातल्या टाइपरायटरवर. मराठीत त्याचा मथितार्थ असा: सदर विद्यार्थिनी नियमित आहे. तिची वर्तणूक चांगली आहे. प्रयोगशाळेतील तिचे काम समाधानकारक आहे. खाली सही, तारीख, शिक्का. शिक्का मात्र झोकात उमटला होता.

आमच्या विभागात नागपूरकडचे एक तरुण प्राध्यापक नुकतेच लागले होते. त्यांनी पत्र पाहिलं.

"मॅडम, हे शिफारसपत्र आहे का चालचलनाचा दाखला? थोडं वाढवून लिहा ना जी. पोरगी खरंच चांगली आहे."

"गूळ आम्ही आमटीत घालतो," मी म्हणाले, "पत्रात नाही."

स्टाफरूममध्ये हशा पिकला. मला त्या वाक्याचा इतका अभिमान वाटला की घरी जाऊन तेही नवऱ्याला सांगितलं. ते हसले नाहीत. मला वाटलं, त्यांना विनोद कळत नाही.

एप्रिलच्या शेवटी यादी आली. तिचं नाव नव्हतं.

मी तडक रिक्षा करून त्या प्रयोगशाळेत गेले. एम.एस्सी.ला माझ्याबरोबर असलेली एक मैत्रीण तिथे शास्त्रज्ञ होती आणि निवड समितीवरही होती. तिच्या खोलीत शिरले ती भांडायच्या तयारीने.

"कसली निवड करता तुम्ही? डोळे मिटून?"

तिने मला पाणी दिलं. मग कपाटातून एक जाडजूड फाइल काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "वाच."

मी पत्रं वाचली. प्रत्येक पत्र पानभर, काही दोन पानी. कुणी मोडक्या तराजूची दुरुस्ती करून प्रयोग पुरा केला होता. कुणी पाऊण तास चालत येऊन सकाळी सातला प्रयोगशाळेत हजर असायचा. शिक्षकांनी मुलांच्या बारीकसारीक गोष्टी टिपून ठेवल्या होत्या. सगळ्यांत शेवटी माझं पत्र होतं. निम्म्याहून जास्त कागद कोरा.

मैत्रीण म्हणाली, "गुण चांगले होते गं तिचे. पण तुझं पत्र वाचून सगळ्यांचं म्हणणं पडलं की बाईंना हिला पाठवायचंच नसावं. अर्ज आला म्हणून भिडेखातर दोन शब्द लिहिले असतील."

मी तिला ब्युरेटची गोष्ट सांगितली. वीस-बावीस खोटे आकडे आणि एक खरा. ती ऐकता ऐकता खुर्चीत पुढे सरकली.

"अगं, मग हे का नाही लिहिलंस?"

"हे लिहायचं असतं?"

माझ्या तोंडून हा प्रश्न खरोखर निघाला. वीस वर्षं शिकवत होते मी. पुस्तकातलं सगळं येत होतं.

"तुला फोन करून विचारता आलं असतं मला," मी तिच्यावरच घसरले.

"आणि तू म्हणाली असतीस, मी काय वशिला लावते का म्हणून."

ते खरंच होतं. मी तसंच म्हणाले असते.

"आता काही होईल?"

"आता काय होणार? मुलांना पत्रं गेली. परवापासून रुजू होतायत."

दुसऱ्या दिवशी ती मुलगी कॉलेजात आली. सूचनाफलकावरची यादी वाचून मग माझ्याकडे आली. डोळे कोरडे होते. रडली असती तर बरं झालं असतं, मला निदान रागावता आलं असतं.

"बाई, माझं काय कमी पडलं?"

इथवर केलं ती निव्वळ मूर्खपणाची गोष्ट होती. पुढचं मूर्खपणाचं नव्हतं, भित्रेपणाचं होतं. मला माझी खुर्ची, माझा दरारा, माझं ते आमटीचं वाक्य, सगळं एकदम दिसलं. मी म्हणाले, "स्पर्धा फार होती." ती तशीच उभी राहिली. ती जावी म्हणून मी आणखी बोलले. "कधीकधी दुसरी यादी लागते. कोणी आलं नाही तर पुढच्यांना बोलावतात. घरचा फोन नंबर अर्जावर दिला आहेस ना?"

"हो बाई. आत्ताच घेतलाय फोन."

"मग झालं."

दुसरी यादी कधीच लागत नव्हती. कौतुक न करणाऱ्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा एका विद्यार्थिनीशी गोड बोलून पाहिलं आणि ते साफ खोटं होतं.

ज्येष्ठ संपायच्या आत तिचं लग्न झालं. पत्रिका घेऊन वडील स्वतः आले होते. या वेळी बसले. म्हणाले, "तुम्ही पाहिजेच बाई." ते मला रागाने काही बोलतील असं वाटलं होतं. उलट त्यांनी विचारलं, "लई हुशार पोरं आली असतील न्हाई, तिकडं?" मी मान हलवली. काय हलवली ते मलाच माहीत नाही.

लग्नाला गेले. मांडवात हजारभर माणूस, स्पीकरचा कानठळ्या बसवणारा आवाज. ती शालूत इतकी लहान दिसत होती की मी आधी तिच्या करवलीलाच नवरी समजले. ती वाकून पाया पडली. "सुखी राहा," मी म्हणाले. जिलबी पानात वाढली होती, तिला मी हातही लावला नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, "डायबेटीस का?" मी हो म्हणाले. तेव्हा तोही नव्हता. आता आहे.

पुढे बरीच वर्षं गेली. मुलगा संगणकाच्या कंपनीत लागला, नवरा गेला, मी निवृत्त झाले. मुलाने फ्लॅट घेतला तो नेमका धायरीत. ज्या धायरीला आम्ही 'बाप रे, तिकडे?' म्हणायचो तिथे आता गाडी लावायला जागा नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीतल्या लोकांच्या भाज्या दिसतात. ही कोणाची शेतं होती, हे मी कोणाला विचारलं नाही.

आमच्या कोपऱ्यावर एक हार्डवेअरचं दुकान होतं. एकदा बाथरूमची फरशी घासायला अॅसिड हवं होतं म्हणून गेले. काउंटरवरची बाई कानाला मोबाईल लावून कोणाला तरी पाइपांच्या मापावरून झापत होती. मी अॅसिड मागितलं. तिने मान वर न करता बाटली पुढे सरकवली.

"तसंच ओतू नका. बादलीत आधी पाणी घ्या, मग त्यात अॅसिड. उलटं केलंत तर तोंडावर उडेल."

सगळी हयात हेच सांगण्यात घालवलेली मी. म्हणाले, "माहीत आहे मला."

आता तिने मान वर केली. थोडा वेळ बघत राहिली.

"माहीत असायलाच पाहिजे, बाई. तुम्हीच शिकवलंय."

अंगाने भरली होती. दोन वेण्यांच्या जागी अंबाडा. दुकान सासरचं, पण चालवत ती होती. नवरा माल पोचवायचं बघायचा. वडील दोन वर्षांपूर्वी गेले असं तिने सांगितलं. मी विचारलं, "मग पुढे शिकली नाहीस?" तिने हाताने दुकान दाखवलं. "पुढं हेच."

त्यानंतर मी तीन वेळा उगीचच त्या दुकानात गेले. एकदा हुक आणला, दोनदा सँडपेपर. सून म्हणाली, "आई, तुम्ही नक्की काय घासताय?" प्रत्येक वेळी बोलायचं ठरवून जायचे आणि वस्तू घेऊन परत यायचे. तोंड उघडायला पस्तीस वर्षांची शिकवायची सवय कामी येत नव्हती.

चौथ्या वेळी दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. ती वायरचं भेंडोळं मोजून तोडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. यादीत तिचं नाव नव्हतं ते गुण कमी होते म्हणून नव्हे. मी पत्रात तीन ओळी लिहिल्या होत्या. त्यात ब्युरेटची गोष्ट नव्हती. तिचे वडील विचारायला आले होते तेव्हा त्यांनाही मी सांगितली नव्हती. आणि दुसरी यादी असं काही नसतंच, तू समोरून जावीस म्हणून मी ते बोलले.

वायर तोडायचा तिचा हात थांबला. तेवढ्यात एक प्लंबर आला आणि अर्धा इंची नळ मागू लागला. तिने फळीवरून नळ काढून दिला, कुठल्या बाजूने टेप गुंडाळायची ते त्याला समजावलं, तो गेला. मग तिने काउंटरखालचं स्टूल ओढून माझ्याकडे सरकवलं. मी बसले. ती 'जाऊ द्या बाई' म्हणेल याची मी वाट पाहत होते. माफी मागायला जाणारं माणूस तेवढं ऐकायलाच जातं. ती ते म्हणाली नाही. वायरचं भेंडोळं तिने फळीवर ठेवलं, आणि मग म्हणाली:

"बाई, त्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी आवरून बसायची. वेणीफणी करून, डबासुद्धा भरून. फोन आला तर लगेच निघता यावं म्हणून. आई विचारायची, कुठं निघालीस गं? मी म्हणायची, कुठं न्हाई."